फुटाणे, अंडे आणि मधली भूक

दुपारचे जेवण एक-दीडला होते आणि रात्रीचे नऊच्या पुढे. मधल्या सात-आठ तासांत शहरातला नोकरदार माणूस जे खातो, त्याचा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही. डब्यातली पोळीभाजी घरातल्या कुणीतरी विचार करून भरलेली असते. साडेचारच्या चहाबरोबर येणारी खारी, टोस्ट, बिस्किटाचा पुडा किंवा कोपऱ्यावरचा वडापाव यांच्यामागे तसा विचार नसतो. हाताशी असेल ते खाल्ले जाते, तास-दीड तासात पुन्हा भूक लागते आणि घरी पोचल्यावर स्वयंपाक होईपर्यंत चिवड्याचा डबा उघडाच राहतो. गेल्या काही वर्षांत बाजाराने ही वेळ नेमकी हेरली आहे. दुकानाच्या फळीवर प्रथिनांचे बार, प्रथिनांचे चिप्स, प्रथिनांची बिस्किटे दिसू लागली आहेत आणि हे खाल्ले की पोट भरलेले राहील, असे प्रत्येकाचे आश्वासन आहे. त्याला जोडूनच दुसरा वाद येतो: ही प्रथिने डाळी-कडधान्यांतून आलेली बरी, की दूध, अंडी, मांस, मासळी यांतून? महाराष्ट्रात हा वाद नुसता आहारशास्त्राचा राहत नाही. कोण काय खातो आणि कोणता वार पाळतो यावरून माणसाचे घर आणि जात ओळखायची आपली सवय जुनी आहे. त्यामुळे चण्याच्या किंवा अंड्याच्या बाजूने बोलणारा बहुधा आधीच एखाद्या बाजूला जाऊन बसलेला असतो, आणि पुरावा नंतर शोधतो.

भूक शमण्यापुरते पाहिले तर हा वाद चुकीच्या प्रश्नावर घातला जातो, अशी या पुस्तकाची भूमिका आहे. एखाद्या खाण्याने पोटाला किती वेळ आधार मिळेल हे ठरवणाऱ्या गोष्टींत प्रथिनांचे मूळ, म्हणजे ती झाडातून आली की जनावरातून, ही सर्वांत दुबळी गोष्ट आहे. एका वेळेस किती प्रथिने पोटात गेली, ती घन रूपात गेली की पातळ, त्यांच्याबरोबर पाणी आणि चोथा किती होता, चावावे किती लागले आणि खाणाऱ्याच्या मनात त्या पदार्थाविषयी काय होते, या गोष्टींचे वजन त्याहून जास्त आहे. दोन्ही पक्षांना खूश ठेवण्यासाठी काढलेली ही तडजोड नाही. समान प्रमाणात तोलून केलेल्या प्रयोगांतून निघालेला हा निष्कर्ष आहे. तो मान्य केला की शाकाहारी आणि मांसाहारी दोघांनाही आपापल्या ताटाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

आधी मापाविषयी, कारण पुढचा सगळा पुरावा त्याच्यावर उभा आहे. खाता खाता हात थांबतो ही एक गोष्ट आणि खाऊन झाल्यावर पुन्हा भूक लागायला किती वेळ लागतो ही दुसरी. लीड्स विद्यापीठातले जॉन ब्लंडेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात या दोन्ही गोष्टी एका साखळीत बसवल्या. आधी पदार्थाचे रूप, वास, चव आणि त्याच्याकडून असलेली अपेक्षा, मग जठराचे ताणले जाणे, मग आतड्यातून सुटणारी संप्रेरके आणि शेवटी रक्तात उतरलेली पोषकद्रव्ये असा तो क्रम आहे. प्रयोगांची रीत साधारण ठरलेली असते. उपाशीपोटी आलेल्या माणसाला ठरावीक कॅलरींचा पदार्थ द्यायचा, दर अर्ध्या तासाने १०० मिलिमीटरच्या रेघेवर भुकेची खूण करायला सांगायची आणि काही तासांनी समोर भरपूर अन्न ठेवून तो किती खातो हे त्याच्या नकळत मोजायचे. रेघेवरची खूण म्हणजे त्याचे म्हणणे आणि पुढच्या जेवणातले अन्न म्हणजे त्याची कृती. ही दोन मापे नेहमी जुळत नाहीत. एखाद्या खाण्याने भूक मारली गेली असे कुणी सांगू लागले की यांपैकी कोणत्या मापाने, हे विचारून घ्यावे.

मधल्या वेळच्या खाण्याशी प्रथिनांचा संबंध किती जवळचा आहे, याचा फार बोलका पुरावा सिडनीतून आला. स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राउबेनहायमर हे दोघे मुळात टोळांच्या खाण्याचा अभ्यास करणारे. टोळाला लागणारी प्रथिने अन्नात कमी असली तर तो ती भरून निघेपर्यंत खातच राहतो, आणि त्या नादात बाकीचे जास्तीचे पोटात जाते. माणसाचेही असेच काही होत असावे, ही कल्पना त्यांनी २००५ मध्ये मांडली. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २२ सडपातळ माणसांना चार-चार दिवस वेगवेगळा आहार दिला गेला. प्रथिनांतून येणाऱ्या कॅलरी कधी १० टक्के, कधी १५ आणि कधी २५ टक्के होत्या, पण चव आणि रूप शक्य तितके सारखे ठेवले होते. प्रथिने १५ वरून १० टक्क्यांवर येताच माणसे एकूण १२ टक्के जास्त खाऊ लागली, आणि त्या वाढीतला सुमारे ७० टक्के भाग जेवणांच्या मधल्या खाण्यातून आला, तोही बहुतांशी खमंग-खारट पदार्थांतून. चहाच्या वेळी शेव-चिवड्याकडे वळणाऱ्या हाताचे इतके नेमके वर्णन दुसरीकडे क्वचितच मिळेल. त्याच प्रयोगात प्रथिने १५ वरून २५ टक्क्यांवर नेल्यावर मात्र खाणे त्या मानाने घटले नाही. तूट महागात पडते, पण भर घालत राहण्याने तितकाच फायदा होत नाही. प्रथिने विकणारे यातला पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात.

अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात हेदर लायडी यांच्या गटाने थेट दुपारच्या खाण्यावरच प्रयोग केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० स्त्रियांना दुपारी १६० कॅलरींचे खाणे दिले. कधी १४ ग्रॅम प्रथिनांचे घट्ट दही, कधी तेलकट खारी बिस्किटे, तर कधी चॉकलेट. दही खाल्ल्यावर पुन्हा खावेसे वाटायला चॉकलेटच्या तुलनेत सुमारे अर्धा तास आणि बिस्किटांच्या तुलनेत सुमारे २० मिनिटे जास्त गेली, आणि रात्रीच्या जेवणात १०० च्या आसपास कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या. यावरून दही उत्तम असे कुणी म्हणेल. प्रयोगाने दाखवले ते एवढेच, की दही हे चॉकलेट आणि बिस्किटे यांच्याहून बरे. कशाच्या तुलनेत, हा शब्दप्रयोग या विषयात कधीच सोडून चालत नाही. प्रथिने भूक का धरून ठेवतात याची कारणे मात्र बरीच हाती आली आहेत. ती आतड्यात उतरली की कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१, पीवायवाय ही संप्रेरके सुटतात आणि भूक चाळवणारे घ्रेलिन खाली येते. यातले जीएलपी-१ तर वजन उतरवण्याच्या नव्या इंजेक्शनांमुळे आता घरोघरी माहीत झाले आहे. शिवाय प्रथिने पचवण्यातच त्यांच्या एकूण ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के खर्च होते. पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत हा खर्च ५ ते १० टक्के असतो आणि स्निग्ध पदार्थांत त्याहूनही कमी.

आता मूळ वादाकडे येऊ. वनस्पतीची बाजू घेणाऱ्यांचा हुकमी पुरावा कोपनहेगनचा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ४३ तरुण पुरुषांना एकदा वाल-वाटाण्याच्या जातीच्या कडधान्यांची आणि एकदा वासराच्या व डुकराच्या मांसाची टिक्की दिली. दोन्हींत प्रथिने भरपूर होती. कडधान्यांनंतर पुढच्या जेवणात सुमारे १२ टक्के कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या. बातम्यांमध्ये हे ‘शेंगांची मांसावर मात’ अशा थाटात आले. पण त्या कडधान्यांच्या टिक्कीत चोथा मांसाच्या टिक्कीपेक्षा कितीतरी जास्त होता. म्हणजे मात प्रथिनांनी केली की चोथ्याने, हे त्या एका प्रयोगावरून सांगता येत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या २०१५ च्या एका प्रयोगाने हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली. २८ माणसांना समान कॅलरींची दोन जेवणे दिली. गोमांसाच्या जेवणात २६ ग्रॅम प्रथिने आणि ३ ग्रॅम चोथा, घेवड्याच्या जेवणात १७ ग्रॅम प्रथिने आणि १२ ग्रॅम चोथा. पुढच्या तीन तासांतली भूक आणि नंतरचे खाणे यांत फरक पडला नाही. प्रथिनांत ९ ग्रॅमची तूट होती, ती ९ ग्रॅम चोथ्याने भरून काढली. हा आकड्यांचा मेळ योगायोगाचा आहे, त्यातून सूत्र काढू नये. पण कडधान्यांचे बळ कुठे आहे ते त्यातून दिसते. त्यांची प्रथिने एकटी येत नाहीत.

चोथाही समान केला तर काय होते? मिसूरीच्याच गटाने २०१५ मध्ये २१ निरोगी प्रौढांवर हे पाहिले. गोमांस आणि सोयाबीन यांची सुमारे ४०० कॅलरींची दुपारची जेवणे एकदा टिक्कीचे वजन सारखे ठेवून दिली आणि एकदा प्रथिने-चोथा सगळेच सारखे ठेवून. भूक, पोट भरल्याची भावना, नंतरचे खाणे यांपैकी कशातही दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. एका जेवणाचा हा निकाल जास्त दिवस टिकतो का, याचे उत्तर स्कॉटलंडमधल्या अबर्डीनच्या रोवेट संस्थेने २०१४ मध्ये दिले होते. तिथे २० स्थूल पुरुषांना दोन आठवडे सोयाबीनवर आधारलेला आणि दोन आठवडे मांसावर आधारलेला आहार दिला गेला. दोन्हींत प्रथिनांचा वाटा ३० टक्के होता. भूक सारखीच आटोक्यात राहिली आणि वजनही जवळपास सारखेच, दोन किलोंच्या थोडे वर, उतरले. बाकीच्या गोष्टी मोकळ्या सोडल्या की कधी ही बाजू जिंकते, कधी ती. त्या बांधून घेतल्या की दोघे बरोबरीत सुटतात.

इथे एक जाणकार आक्षेप येतो. सगळी प्रथिने सारखी नसतात, हे तर शास्त्रानेच दाखवले आहे. मग मुळाला महत्त्व नाही असे कसे म्हणता? आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण खरा आहे. १९९७ मध्ये फ्रान्समध्ये इव्ह ब्वारी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की व्हे, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या निवळीतली प्रथिने, झपाट्याने रक्तात उतरतात आणि केसीन, म्हणजे चोथापाण्यातला जो घट्ट भाग आपण पनीर म्हणून खातो त्यातली प्रथिने, पोटात घट्ट होऊन तासन्‌तास सावकाश उतरत राहतात. २००३ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगात व्हेचे पेय घेतलेल्यांनी दीड तासाने कमी खाल्ले आणि त्यांची संप्रेरकेही जास्त वर गेली. केसीनचा जोर उशिरा दिसतो. पण व्हे आणि केसीन ही दोन्ही एकाच गायीच्या एकाच दुधातली आहेत. एकाच दुधातल्या दोन प्रथिनांत एवढी तफावत असेल, तर ‘प्राणिज प्रथिने’ नावाची एक वस्तू धरून तिच्याविषयी विधान करण्यात काय अर्थ उरतो? वनस्पतींचेही तसेच. फुटाणे आणि शेंगदाणे दोन्ही शेंगेतले, दोन्ही भाजून खाण्याचे, आणि भुकेच्या हिशेबात एकमेकांपासून फार लांब. आक्षेप घेणारा प्रथिनांतल्या फरकाकडे बोट दाखवतो ते बरोबरच आहे, फक्त तो फरक झाड आणि जनावर यांच्यामधल्या रेषेवर पडत नाही.

हा हिशेब नीट मांडण्यासारखा आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि ७०-७५ कॅलरी असतात, चोथा अजिबात नसतो. तेवढीच प्रथिने ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर, फुटाण्यांतून मिळतात. कॅलरी शंभरावर जातात, पण सालासकट खाल्ले तर चांगला चोथा मिळतो आणि चावायला वेळ लागतो. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिने जराशी जास्तच, पण कॅलरी १७० च्या घरात. अंडे हे प्रथिने आणि पाणी यांचे घट्ट गाठोडे आहे, फुटाणा म्हणजे प्रथिने, पीठ आणि चोथा, आणि शेंगदाणा निम्मा तेलच. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थांची तुलना केली होती. प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा, पुढच्या दोन तासांतली भूक आणि पांढऱ्या पावाला १०० गुण. त्या मापाने मासळीला २२५, गोमांसाला १७६, अंड्यांना १५०, मसुरीला १३३ आणि शेंगदाण्यांना फक्त ८४ गुण मिळाले. सर्वांत वर होता उकडलेला बटाटा, ३२३. त्यात प्रथिने नावालाच. इतके गुण त्याला पाण्याने आणि आकारमानाने मिळवून दिले, कारण २४० कॅलरींचा उकडलेला बटाटा म्हणजे भरलेली थाळी आणि तेवढ्याच कॅलरींचे शेंगदाणे म्हणजे ओंजळभरही नाहीत. या यादीवर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती रास्त आहे, कारण दर पदार्थामागे माणसे थोडी होती आणि दोन तास हा काळ अपुरा आहे. तरी तिचा मुख्य धडा पुढच्या प्रयोगांत टिकून राहिला. पेन स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांनी १९९९ मध्ये २४ स्त्रियांना २७० कॅलरींचा एकच चिकन-भाताचा पदार्थ तीन प्रकारे दिला: नुसता, सोबत ग्लासभर पाणी देऊन आणि तेच पाणी घालून सूप करून. सूपानंतर दुपारच्या जेवणात सुमारे १०० कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या, शेजारी ठेवलेल्या पाण्याचा मात्र काही उपयोग झाला नाही. मुगाचे कढण, कुळथाची पिठी, रश्श्याची मटकीची उसळ यांचे मोल इथे कळते. कडधान्याची प्रथिने, चोथा आणि शिजवताना आत मुरलेले पाणी अशी तिन्ही एका वाटीत येतात. फुटाण्यांच्या पाकिटापेक्षा उसळीची वाटी भूक जास्त वेळ धरते, ती यामुळे.

मांसाहाराच्या बाजूनेही एक आक्षेप येतो आणि तो अनुभवाचा असल्याने हलक्यात घेता येत नाही. मटण खाल्ले की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही आणि वरणभात दोन तासांत जिरतो, असे कितीतरी लोक सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मटणाच्या जेवणात काय काय असते ते पाहावे. तेल किंवा चरबी जास्त असते, ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. खोबऱ्याचे वाटण असते, भाकरी नेहमीपेक्षा एखादी जास्त जाते आणि एकूण कॅलरी वरणभाताच्या दीडपट-दुपटीवर पोचतात. रविवार असतो, म्हणून नंतर झोपही असते. वरणभातातल्या डाळीच्या पळीत प्रथिने ४-५ ग्रॅम आणि मटणाच्या वाटीत २०-२५. ही तुलना डाळीची आणि मटणाची झालीच नाही, थोड्याची आणि पुष्कळाची झाली. त्यात अपेक्षाही मिसळते, आणि अपेक्षा शरीरात उतरते. येल विद्यापीठात अलिया क्रम यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४६ माणसांना ३८० कॅलरींचे एकच मिल्कशेक दोन वेगळ्या लेबलांखाली दिले. एका लेबलावर ६२० कॅलरी आणि चैनीचे वर्णन, दुसऱ्यावर १४० आणि हलकेफुलके वर्णन. चैनीच्या लेबलाचे पेय घेतल्यावर रक्तातले घ्रेलिन कितीतरी वेगाने उतरले. मटणाने पोट भरते असे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाचे पोट मटणाने खरोखरच जास्त भरत असेल, तर त्याला भ्रम म्हणण्याचे कारण नाही. तशीच श्रद्धा उसळीवर असलेल्याचे पोट उसळीने भरेल, इतकेच.

प्राणिज पदार्थांची एक खरी सरशी मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, शाकाहारी लेखनात ती नेहमी झाकली जाते. मिसूरीच्या दह्याच्या प्रयोगांत भूक लांबवणारी मात्रा १४ ते २४ ग्रॅम प्रथिनांची होती. २०१३ च्या प्रयोगात तर ५ ग्रॅमवाल्या दह्याच्या तुलनेत २४ ग्रॅमवाले दहीच ठळकपणे उजवे ठरले. दोन उकडलेल्या अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिने दीडशे कॅलरींत मिळतात. फुटाण्यांतून तेवढी हवी असतील तर दोन मुठी लागतात आणि कॅलरी सव्वादोनशेच्या आसपास जातात, शेंगदाण्यांतून तीनशेच्या जवळ. मूठभर दाणे खाल्ले म्हणजे प्रथिनांचे खाणे झाले, ही समजूत म्हणून दुबळी आहे. शाकाहारी माणसाला ही मात्रा गाठायची तर कडधान्याची भरलेली वाटी आणि तिच्यासोबत चक्का, पनीर किंवा सोयाबीन असे काही लागते. ते अवघड नाही, पण आपोआप होत नाही.

आणखी एक शंका प्रयोगांच्या तोकडेपणाची. वीस-चाळीस माणसे, एखादा दिवस, प्रयोगशाळेतले ताट, आणि खाणारे बहुतेक युरोप-अमेरिकेतले तरुण. एवढ्यावर निष्कर्ष कसा काढायचा? वजन घटण्याविषयी मी काही दावा करत असतो तर ही शंका मोडता घालणारी ठरली असती. दुपारी १०० कॅलरी कमी खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी त्या भरून काढू शकतो, आणि वर्षभराचे वजन त्या एका संध्याकाळवर ठरत नाही. पण मधल्या वेळच्या खाण्याकडून आपली मागणीही तेवढीच असते, की जेवणापर्यंत तग धरता यावा. त्या मागणीसाठी तीन-चार तासांचा प्रयोग पुरेसा लांब आहे. आणि वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या बाजूंनी सुरू झालेले प्रयोग समान तोलल्यावर बरोबरीलाच येऊन थांबत असतील, तर त्यांच्या लहानपणामुळे निष्कर्षाचा नेमकेपणा कमी होतो, दिशा बदलत नाही.

बाजाराची गोष्ट इथे थोडक्यात. पाकिटावर प्रथिनांचा आकडा बहुधा १०० ग्रॅमचा असतो आणि खाणारा २५-३० ग्रॅम खातो, म्हणून आधी चारने भागावे. सोयाबीन किंवा वाटाण्याची प्रथिने वेगळी काढून, फुगवून, मसाला लावून केलेल्या कुरकुरीत पदार्थात आकडा राहतो, पण पाणी, चोथा आणि चावण्याचे काम निघून गेलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० माणसांना दोन आठवडे कारखानी, अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या ताटात प्रथिने, साखर, चोथा, मीठ यांचे प्रमाण जुळते ठेवूनही कारखानी अन्नाच्या दिवसांत माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त आणि भराभर खाऊन गेली. पदार्थाची घडण मोडली की लेबलावरच्या आकड्याला पूर्वीचा अर्थ राहत नाही. हे व्हेच्या पेयाला जितके लागू आहे तितकेच वाटाण्याच्या पेयालाही.

राहिला सर्वांत गंभीर मुद्दा. भूक शमण्यात चणे आणि अंडे बरोबरीचे असतील, तर अंडे नसले तरी चालते, असे कुणी म्हणेल. ते साफ चूक आहे. पोट भरणे आणि पोषण होणे हे दोन वेगळे हिशेब आहेत. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेत अनुरा कुरपाड यांच्या गटाने समस्थानिकांच्या साहाय्याने माणसाच्या शरीरात प्रथिने किती शोषली जातात हे मोजले. अंड्यांतली ९० टक्क्यांच्या आसपास शोषली जातात, सालासकट मुगातली साठ-सत्तरच्या घरात, आणि साल काढली की मुगाचे प्रमाण सुधारते. जो चोथा कार्यालयात बसून काम करणाऱ्या प्रौढाची भूक धरतो, तोच शोषण थोडे अडवतो. प्रौढ माणूस, पुरेसे खाणारा, डाळ-भात-भाकरी-दूध असे मिश्र जेवणारा असेल, तर हा तोटा सहज भरून निघतो. पण दोन वर्षांच्या मुलाचे जठर दर किलो वजनामागे सुमारे ३० ग्रॅम अन्न मावेल एवढेच असते. दहा किलोच्या मुलाला एका वेळेस ३०० ग्रॅम. त्यात पाण्याने आणि चोथ्याने भरलेले कढण घातले, तर मूल तृप्त होऊन ताट सरकवते आणि वाढीला लागणारे त्याच्या पोटात गेलेलेच नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के वयाच्या मानाने खुजी आढळली. शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात घेतला आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. त्या चर्चेत पोट तर कडधान्यांनीही भरते, हे उत्तर देऊन चालणार नाही, कारण तिथला प्रश्न पोट भरण्याचा नाहीच. वार्धक्यात पुन्हा तीच स्थिती येते. भूक मंदावते, दोन घासांत पुरे वाटते आणि स्नायू झडत असतात. अशा माणसापुढे मोठी वाटी उसळ ठेवण्यापेक्षा एखादे मऊ अंडे, चक्का, पनीर, काटे काढलेली मासळी किंवा साल काढलेल्या मुगाचे घट्ट वरण ठेवणे शहाणपणाचे. म्हणून पुढच्या प्रकरणांत प्रत्येक पदार्थाखाली दोन आकडे वेगवेगळे दिले आहेत: तो भूक किती धरतो आणि त्यातून अंगाला काय लागते. वाचणाऱ्याने कोणता आकडा आधी पाहायचा, हे तो कुणासाठी स्वयंपाक करतो आहे यावर अवलंबून राहील.